लॅपटॉपचा पडदा बदलण्यापूर्वी केबल तपासा

जिंतूर : संगणकावर मराठी मजकूर वाचताना जोडाक्षरे व मात्रा एकमेकांत मिसळल्यासारख्या दिसत असतील, तर दोष दर वेळी डोळ्यांचाच असतो असे नाही. अनेक स्वस्त लॅपटॉपच्या १५.६ इंची पडद्यावर १३६६ × ७६८, म्हणजे सुमारे साडेदहा लाख बिंदू असतात. त्याच आकाराच्या 'फुल एचडी' पडद्यावर १९२० × १०८०, म्हणजे जवळपास दुप्पट बिंदू असल्याने अक्षर अधिक रेखीव उमटते.

मात्र केवळ पडदा बदलून भागत नाही. जुन्या 'एलव्हीडीएस' जोडणीत फुल एचडीसाठी दुहेरी वाहिनीची केबल लागते. नंतरच्या 'ईडीपी' जोडणीत साधारणतः दोन मार्गिका लागतात. मूळ केबलमध्ये एकच मार्गिका असल्यास पिना जुळूनही चित्र नीट उमटत नाही. तेव्हा केबलही बदलावी लागते. मदरबोर्डवरच दुसऱ्या मार्गिकेची सोय नसेल, तर तो खर्चही वाया जातो.

जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावी पडदा बाहेरून मागवावा लागल्यास ही चूक अधिकच महागात पडते. त्याच मॉडेलचा लॅपटॉप कंपनीने फुल एचडी पडद्यासह विकला होता काय, हे आधी पाहावे. जुन्या पडद्यामागील क्रमांक, कनेक्टरची जागा व स्क्रूच्या पट्ट्या पडताळूनच मागणी नोंदविणे हिताचे ठरते.