झाडाखाली पुडकी किती?

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी ‘थँक्सगिव्हिंग’चे जेवण आटोपले की दुसऱ्याच दिवसापासून नाताळच्या खरेदीचा हंगाम उघडतो. त्यापुढील चार आठवड्यांत, लहान मुले असलेल्या असंख्य घरांमध्ये, मुले झोपी गेल्यानंतर आईवडील एका प्रश्नाचा हिशेब मांडून बसलेले असतात. प्रश्न वरकरणी अगदी क्षुल्लक आहे : यंदा प्रत्येक मुलाला भेटी किती द्यायच्या? तीन, पाच की दहा? परंतु या एका आकड्यात घराचे अंदाजपत्रक, भावंडांमधील समभाव, आजीआजोबांचा मान आणि शेजारच्या घराशी होणारी तुलना अशा अनेक गोष्टी गुंतलेल्या असल्यामुळे तो आकडा ठरविणे वाटते तितके सोपे राहत नाही.

व्यापारी घरांतील वाचकांना हा आकडा कसा फुगतो हे एका साध्या उदाहरणावरून सहज ध्यानी येईल. समजा, एका घरात पाच व तीन वर्षांची दोन मुले आहेत. आईवडिलांनी प्रत्येकी चार भेटी द्यायचे ठरविले, झाल्या आठ. सांताक्लॉजच्या नावाने प्रत्येकी एक वेगळी भेट हवीच, दहा. चुलीजवळ टांगलेल्या लोकरी मोज्यांत घालायच्या प्रत्येकी पाच किरकोळ वस्तू, म्हणजे चॉकलेटची नाणी, रंगीत खडू, छोटी मोटार, या धरल्या की वीस. येथपर्यंतचा सारा खर्च एकाच खिशातून झालेला असतो. मात्र ‘आम्ही चारचारच घेतल्या’ असे त्या दोघांना अगदी प्रामाणिकपणे वाटत असते. त्यापुढे दोन्हीकडच्या आजीआजोबांच्या प्रत्येक मुलाला दोनदोन, आणि मामा व आत्या यांच्या एकेक. बेरीज बत्तीस. चाराचे सोळा व्हायला कोणाचाही उधळेपणा लागत नाही. प्रत्येकाने आपापला आकडा संयमानेच धरलेला असतो. फक्त एकत्र बेरीज कोणी केलेली नसते.

या प्रथेच्या मुळाशी गेले तर तेथेही आकडा भेटतो. चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातील मायरा या गावी निकोलस नावाचे धर्मगुरू होऊन गेले. एका निर्धन बापाच्या तीन मुलींची लग्ने हुंड्यावाचून अडली असता त्यांनी रात्री गुपचूप सोन्याच्या तीन थैल्या त्याच्या घरात टाकल्या, अशी आख्यायिका आहे. मोज्यात आजही चॉकलेटची सोनेरी नाणी घालतात, त्याचा संबंध या कथेशी जोडला जातो. तीन मुली, तीन थैल्या. अधिक नाही, उणे नाही, आणि देणाऱ्याचे नावही नाही. पुढे याच संतांच्या स्मरणार्थ नेदरलँड्समध्ये 5 डिसेंबरच्या संध्याकाळी मुलांना भेटी देण्याची रीत रुजली आणि त्यांचे ‘सिंटरक्लास’ हे तेथील नाव अमेरिकेत सांताक्लॉज झाले. आइसलँडमध्ये तर नाताळपूर्वीच्या तेरा रात्री मुले खिडकीत बूट ठेवतात आणि दररात्री एकेक क्षुल्लक वस्तू त्यात पडते. खोड्या करणाऱ्याच्या बुटात बटाटा. तेथे भेटींची संख्या मोठी, पण प्रत्येक भेट बुटात मावेल एवढीच असते.

अमेरिकेचा आरंभ मात्र याच्या अगदी उलट टोकाला झाला. मॅसॅच्युसेट्स वसाहतीत 1659 मध्ये नाताळ साजरा करण्यास पाच शिलिंग दंड होता; तो कायदा 1681 मध्ये रद्द झाला. मुलांना केंद्रस्थानी ठेवणारा घरगुती नाताळ आला तो एकोणिसाव्या शतकात. 1823 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय येथील एका वृत्तपत्रात निनावी छापल्या गेलेल्या कवितेने सांताचे रूप जनमानसात पक्के केले. त्या कवितेतला सांता मोजे भरतो. झाडाची चाल जर्मनांकडून आली आणि 1848 मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे सजविलेल्या झाडाभोवतीचे चित्र लंडनच्या साप्ताहिकात छापल्यावर ती इंग्रजी बोलणाऱ्या जगात झपाट्याने पसरली. या स्थलांतराकडे सहसा लक्ष जात नाही. पण संख्येच्या प्रश्नाचे मूळ बहुधा येथेच असावे. मोज्याला माप होते. झाडाखालच्या जमिनीला तसे काही माप नाही.

माप गेले तेव्हा नियम शोधावे लागले. अनेक ख्रिस्ती कुटुंबे तीन हा आकडा पाळतात : बाळ येशूच्या दर्शनास आलेल्या पूर्वेकडील ज्ञानी पुरुषांनी सोने, ऊद आणि गंधरस अशा तीन वस्तू अर्पण केल्या होत्या, मग आपल्या मुलाला त्याहून अधिक कशाला, हा त्यामागचा विचार. (ते पुरुष किती होते हे शुभवर्तमानात कोठेही सांगितलेले नाही, भेटी तीन म्हणून माणसेही तीन, असे परंपरेने मानले.) दुसरा लोकप्रिय नियम चारांचा आहे : एक हवीशी वाटणारी वस्तू, एक गरजेची, एक अंगावर घालायची आणि एक वाचायची. इंग्रजीत यांचे यमक जुळत असल्याने नियम चटकन तोंडी बसतो. हिशेबनिसाच्या नजरेने पाहिले तर यात थोडी हातचलाखी आहे. हिवाळी कोट आणि पायमोजे तसेही घ्यावेच लागणार होते. तो खर्च केवळ एका शीर्षाखालून उचलून दुसऱ्या शीर्षाखाली मांडला गेला. परंतु ही हातचलाखी निरुपद्रवी आहे, किंबहुना उपयुक्तच आहे, कारण तिच्यामुळे निव्वळ खेळण्यांचा आकडा एकावर येऊन थांबतो.

मुलाच्या बाजूने पाहिले तर ते नेमके काय मोजते? स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी लहान मुलांपुढे वस्तूंच्या दोन सारख्या रांगा मांडल्या आणि मग त्यांतील एक रांग पसरून लांब केली. संख्या तीच असूनही चार-पाच वर्षांची मुले लांब रांगेत ‘जास्त’ आहेत असे सांगत. म्हणजे या वयात मूल किंमत तर मोजत नाहीच, पण काटेकोरपणे संख्याही मोजत नाही. ते विस्तार पाहते. चार मोठी पुडकी ऐसपैस मांडली तर त्याला ती भरपूर वाटतात. पुढे सहा-सात वर्षांच्या सुमारास मोजणी पक्की होते आणि ‘तिला सहा, मला पाच’ ही तक्रार सुरू होते. आणखी तीन-चार वर्षांनी मुलाला बाजारभाव कळू लागतो आणि मग धाकट्याची दहा स्वस्त पुडकी व थोरल्याचा एकच महागडा खेळ यांची तुलना संख्येने होईनाशी होते.

संख्या आणि रक्कम ही दोन स्वतंत्र खाती आहेत, ही गोष्ट बहुतेक घरांत स्पष्टपणे मांडली जात नाही. धाकट्यांच्या बाबतीत पुडक्यांची संख्या समान राखावी, थोरल्यांच्या बाबतीत रक्कम. दोन्ही खाती एकाच वेळी जुळवायला गेले म्हणजे मग 24 डिसेंबरच्या संध्याकाळी ‘एकीला एक पुडके कमी पडते’ म्हणून धावतपळत कसलीतरी वस्तू आणली जाते. ती वस्तू कोणालाच नको असते. ती केवळ ताळा जुळावा म्हणून घेतलेली असते.

अधिक खेळण्यांनी मूल अधिक खेळते का, याचीही पाहणी झाली आहे. अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठाच्या संशोधकांनी दीड ते अडीच वर्षे वयाच्या 36 मुलांना एकदा चार खेळण्यांसह व एकदा सोळा खेळण्यांसह खोलीत खेळू दिले. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार चार खेळणी असताना मुले एकेका खेळण्याशी अधिक वेळ रमली आणि त्याच्याशी अधिक तऱ्हांनी खेळली. पाहणी लहान होती, तिच्यावरून साऱ्या बालपणाचा सिद्धान्त काढणे योग्य होणार नाही. तरी नाताळच्या सकाळी सातवे पुडके फोडताना पहिल्या सहांकडे पाठ फिरविलेले मूल ज्याने पाहिले आहे, त्याला या निष्कर्षाचे नवल वाटणार नाही.

अर्थशास्त्रज्ञांनीही या विषयाला हात घातला. जोएल वॉल्डफोगेल यांनी 1993 मध्ये एका नामांकित अमेरिकी अर्थशास्त्रीय नियतकालिकात दाखविले की, भेट घेणाऱ्याच्या लेखी वस्तूचे मोल हे तिच्या खरेदी किमतीपेक्षा दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंत कमी भरते. आणि ही घट मित्रांच्या भेटींत कमी, तर आजीआजोबा, काका-मामा यांच्या भेटींत जास्त असते. शंभर डॉलर खर्चून सत्तर-नव्वद डॉलरचा आनंद, असा तो व्यवहार. या निबंधावर गदारोळ झाला आणि 1996 मध्ये त्याच नियतकालिकात इतर अभ्यासकांनी नेमका उलटा निष्कर्ष मांडला : देणाऱ्याच्या भावनेमुळे वस्तूचे मोल वाढते, असा. दोन्ही पक्षांनी प्रौढांनाच विचारले होते. पाच वर्षांच्या मुलाकडून वस्तूचे मोल डॉलरमध्ये वदवून घेण्याची सोय अद्याप निघालेली नाही.

खरा कस लागतो तो बेताच्या मिळकतीच्या घरांचा. पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल या गावच्या एका बँकेने 1909 मध्ये ‘ख्रिसमस क्लब’ नावाची योजना काढली. दर आठवड्याला ठरावीक लहान रक्कम भरायची आणि डिसेंबरच्या तोंडावर सारी उचलायची. आपल्याकडील आवर्ती ठेवीसारखाच हा प्रकार. व्याज नाममात्रच असे. ग्राहकाला हवी असे ती शिस्त. नाताळची रक्कम वर्षभरात आधीच साठलेली असल्यामुळे भेटींची संख्या आपोआप त्या रकमेच्या मर्यादेत बसे. आज क्रेडिट कार्डाने हा क्रम उलटा केला आहे. आधी संख्या ठरते, आणि रक्कम जानेवारीच्या देयकात कळते.

ब्रिटनमध्ये अशाच बचतीचा एक दुःखद अध्याय 2006 मध्ये घडला. ‘फेअरपॅक’ नावाची कंपनी वस्तीवस्तीतील प्रतिनिधींमार्फत, आणि त्या बहुधा शेजारपाजारच्या स्त्रियाच असत, वर्षभर हप्ते गोळा करी आणि नाताळपूर्वी दुकानांत चालणारी कुपने व खाद्यपदार्थांच्या टोपल्या देई. भिशीच्या विश्वासावर चालणारा हा व्यवहार होता. मात्र तो बँकव्यवहार नसल्याने त्याला ठेवींचे संरक्षण नव्हते आणि जमा पैसा वेगळ्या विश्वस्त खात्यात राखलेला नव्हता. ऑक्टोबरमध्ये कंपनी बुडाली. एक लाखाहून अधिक कुटुंबांचे मिळून सुमारे पावणेचार कोटी पौंड अडकले, आणि नाताळ अवघ्या दहा आठवड्यांवर होता. पुढे कित्येक वर्षांनी रकमेचा काही अंश परत मिळाला. विशेष म्हणजे ज्यांनी कर्ज न काढता, आधी साठवून मगच खर्च करण्याचा मार्ग धरला होता, तीच ही कुटुंबे होती. आणि वस्तीतील ज्या बाईने हप्ते गोळा केले होते तिला त्याच शेजारणींच्या दारावरून रोज जावे लागत होते.

मुलांच्या तुलनेचा प्रश्नही येथूनच निघतो. सुटीनंतर शाळा उघडली की ‘सांताने तुला काय दिले?’ ही पहिली विचारपूस. एकाला सांताने सायकल दिली आणि दुसऱ्याला हातमोजे, तर दुसऱ्याने त्यातून काय समजायचे? सांता चांगल्या मुलांना भेटी देतो असे तर मोठ्यांनीच त्याला सांगितलेले असते. त्यामुळे आता अनेक सुस्थितीतील आईवडील महाग भेट स्वतःच्या नावाने देतात आणि सांताच्या नावे साधी, लहान वस्तू ठेवतात. ज्या घरात वर्षाला एकच भेट परवडते त्या घरातील मुलाच्या दृष्टीने हा छोटासा बदल फार मोठा आहे. ‘साल्व्हेशन आर्मी’ या संस्थेने 1979 मध्ये व्हर्जिनियातील लिंचबर्ग येथे बाजारसंकुलातील झाडावर कागदी देवदूत टांगण्याचा उपक्रम सुरू केला. प्रत्येक कागदावर एका गरजू मुलाचे वय, कपड्यांचे माप आणि इच्छा लिहिलेली असते. घेणाऱ्याने ती चिठ्ठी काढून तेवढीच खरेदी करायची. तेथेही संख्या आधी ठरलेली असते.

एकदा वाढलेला आकडा खाली आणणे हे त्याहून कठीण काम. मागील वर्षी दहा पुडकी मिळालेल्या मुलाला यंदा चार मिळाली तर त्याच्या लेखी सहा हरवलेली असतात. जाणती घरे म्हणून तो एकदम तोडत नाहीत. आधी मोज्यातल्या किरकोळ वस्तू निम्म्या करतात. मग नातलगांपैकी मोठ्या माणसांनी एकमेकांना भेटी देण्याऐवजी चिठ्ठ्या टाकून एकेकाचेच नाव काढायचे, असा ठराव करतात. नेदरलँड्समध्ये ही चिठ्ठ्यांची पद्धत जुनीच आहे. शेवटी आजीआजोबांकडे जावे लागते, आणि तेथे बोलणे जपून करावे लागते. ‘कमी द्या’ हे त्यांना ‘तुमचे नको’ असे ऐकू येते. ‘सर्व नातवंडांत मिळून एकच मोठी वस्तू द्या’ किंवा ‘प्राणिसंग्रहालयाचा वर्षाचा पास द्या, तुम्हीच त्यांना घेऊन जा’ असे सुचविले तर ते सहसा मान्य होते.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपुढेही हा प्रश्न आता आला आहे. सण आपला नसला तरी मुलांची शाळा त्याच समाजातली असते, आणि झाड लावणारी घरे त्यांच्यातही आहेत. दिवाळी त्याआधीच होऊन गेलेली असते, तिच्या भेटी वेगळ्या. म्हणजे हंगाम एक नसून दोन. परिग्रहाचे परिमाण आधी ठरवावे ही कल्पना ज्यांच्या घरी पिढ्यान्पिढ्या परिचित आहे, त्यांनाही नातवंडांच्या बाबतीत ते परिमाण आठवतेच असे नाही. काही घरांनी दिवाळीला कपडे व मिठाई आणि डिसेंबरात एकच खेळणे, अशी वाटणी केली आहे. ही वाटणी टिकते, जोवर हिवाळ्यात पुण्याहून वा कोल्हापूरहून आजी येत नाही. तिच्या बॅगेत सहा महिने निगुतीने जमविलेल्या वस्तू असतात आणि त्यांची नोंद कोणत्याही यादीत नसते. त्या झाडाखाली ठेवायच्या की नाही, यावर आईवडिलांचे एकमत होण्याआधीच मुलांनी बॅग उघडलेली असते.