एका रोलात बहात्तर फोटो!

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. महिन्याची वीस तारीख उलटली की ते आपोआप येतं! पण हीच म्हण मनाशी धरून कुणी कॅमेरा बनवला, असं सांगितलं तर?

गोष्ट जपानमधली. १९५६ साली योशिहिसा माइतानी हा तरुण ऑलिंपस कंपनीत लागला. कारखान्यात दोन वर्षं उमेदवारी झाल्यावर त्याला स्वतःच्या मनाने एक कॅमेरा आखायला सांगण्यात आले. तेव्हा कंपनीचा स्वस्तातला कॅमेराही वीस हजार येनच्या पुढे. साध्या नोकरदाराचे दोन महिन्यांचे पगार त्यात जायचे. माइतानीने ठरवले, आपला कॅमेरा सहा हजार येनमध्ये बसवायचा. ऐकणारे हसले!

त्याने पहिली काटकसर केली ती फिल्ममध्ये. नेहमीच्या कॅमेऱ्यात एका फोटोला २४ बाय ३६ मिलिमीटर फिल्म लागते. माइतानीने ती निम्म्यावर आणली, १८ बाय २४. म्हणजे छत्तीस फोटोंच्या रोलात बहात्तर फोटो! यात नवीन माप असे काही नव्हते. सिनेमाच्या फिल्मवरचे चित्र याच मापाचे असते. १९२५ साली बाजारात आलेल्या जर्मन लायका कॅमेऱ्याने ते दुप्पट केले आणि पुढे तीच रीत पडली. गंमत म्हणजे हा कॅमेरा नेहमीसारखा आडवा धरला की फोटो उभा येतो.

पण चित्र छोटे म्हणजे ते मोठे करताना बारीकसारीक दोष उघडे पडणार. म्हणून भिंगात तडजोड करायची नाही, असा त्याचा हट्ट. चार काचांचे उत्तम भिंग तयार झाले, आणि बहुतेक पैसे तिथेच संपले! भारी साडी घेतल्यावर ब्लाउजपिसाला पैसे उरू नयेत, तशी गत. मग बाकीचे भाग कमी केले. रोल पुढे सरकवायला दांडा नाही; पाठीमागे एक दातेरी चक्री, ती अंगठ्याने फिरवायची. ‘हे खेळणं आम्ही बनवणार नाही,’ असे कारखान्याच्या प्रमुखांचे म्हणणे पडले, तेव्हा काम बाहेर द्यावे लागले. अखेर ऑक्टोबर १९५९मध्ये कॅमेरा बाजारात आला. पेनासारखा सहज जवळ बाळगावा, म्हणून नाव ‘पेन’!

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा तो १९६१चा ‘पेन ईई’. त्याआधी उजेड किती, झरोका किती उघडायचा, हा हिशेब ज्याला येई त्याच्याच हाती कॅमेरा. आणि तो हात बहुधा घरातल्या पुरुषाचा. पेन ईईच्या भिंगाभोवती खवल्याखवल्यांची काच असते. तिच्यामागच्या सेलेनियमवर उजेड पडला की थोडी वीज तयार होते आणि तीच मापकाचा काटा हलवते. सेल घालायची भानगड नाही. उजेड पुरेसा असला की कळ दाबायची, झालं. अपुरा असला तर कॅमेरा फोटो काढतच नाही. डोळा लावतो तिथे लाल जीभ वर येते!

आमच्याकडे असा कॅमेरा आला तो बोटीवर नोकरी करणाऱ्या दिरांकडून. आधीचा कॅमेरा ‘ह्यांचा’. त्याचा रोल बारसं, मुंज, लग्न यांसाठी राखून ठेवलेला. बहात्तर फोटो म्हटल्यावर माझा हात सैल सुटला. अंगणात कैऱ्या फोडत बसलेल्या सासूबाईंचा फोटो मी काढला. ‘अगं, पदर तरी नीट करू दे,’ असं त्या म्हणतायत, हसतायत! त्या गेल्यावर कळलं, त्यांचे बाकीचे सगळे फोटो ताठ उभे राहून काढलेले. हसरा एवढा एकच.

या काटकसरीला दुसरी बाजूही होती. फिल्म वाचली तरी छपाईचे पैसे फोटोगणिक. शिवाय रोल संपता संपायचा नाही. आमचा एक रोल एका गणपतीपासून दुसऱ्या गणपतीपर्यंत पुरला आणि पहिले फोटो पुसट आले. पुढे फिल्म स्वस्त झाली, पूर्ण मापाचे छोटे कॅमेरेही आले आणि अर्ध्या मापाची ओढ ओसरली. तोवर ‘पेन’ घराण्याचे एक कोटी सत्तर लाखांहून अधिक कॅमेरे खपले होते. माइतानी २००९ साली गेले. २०२४मध्ये मात्र पेंटॅक्सने अर्ध्या मापाचा नवा फिल्म कॅमेरा काढला.

तुमच्या कपाटात पेन ईई पडून असेल, तर तो चालतो का हे घरीच पाहता येईल. झरोक्याची कडी ‘ए’वर ठेवा, चक्री फिरवा, भिंगासमोर तळहात धरून कळ दाबा. तेव्हा लाल जीभ वर आली आणि तळहात काढून लख्ख उजेडात कळ दाबल्यावर ती न येता कळ पुरती दबली, तर मापक अजून जागा आहे.

पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या पिशवीत ठेवू नका. चामडे ओल धरते आणि भिंगावर बुरशी चढते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. आणि रोल भरायची वाट बघत वर्ष घालवू नका. मुद्दाम कुणी फोटोला उभं राहायची वाट तर मुळीच नको!