मुरुमांवरचं मलम नक्की कशाचं?

पिरंगुटच्या कारखान्यांत, हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत किंवा ताम्हिणीकडच्या गावांत, मुळशीत कुठेही मुरुमांचा विषय निघाला की उत्तरं ठरलेली असतात. चेहरा नीट धुत नाहीस, पोट साफ नाही, अंगात उष्णता आहे, लग्न झालं की जातील.

मुरुम मळामुळे येत नाहीत. वयात येताना संप्रेरकांमुळे त्वचेतल्या तैलग्रंथी जास्त तेल सोडू लागतात. मृत पेशींनी छिद्राचं तोंड बुजतं, आतल्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जिवाणू वाढतो आणि सूज येते. हे सारं त्वचेच्या आत घडतं, त्यामुळे सतत साबण चोळल्याने कातडी फक्त कोरडी पडते. सौम्य फेसवॉशने दिवसातून दोनदा धुतलं तरी पुरे. ब्लॅकहेडचा काळेपणाही धुळीचा नसून मेलॅनिनचा आणि हवा लागलेल्या तेलाचा असतो.

लग्नाचा तर काहीच संबंध नाही. तिशीतही मुरुम येतात. मुलीची पाळी अनियमित असेल आणि हनुवटीवर केस वाढत असतील, तर पीसीओएस या संप्रेरकांच्या विकाराची तपासणी करायला हवी. तिला लग्नापर्यंत थांबायला सांगणं हा तिच्यावर अन्याय आहे.

आहाराच्या बाबतीत मात्र थोडं तथ्य आहे. साखर, मैदा आणि काहींच्या बाबतीत दूध यांचा मुरुमांशी संबंध दिसतो. डोक्याला चापून लावलेलं तेल कपाळावर उतरलं, तर तिथेही पुटकुळ्या येतात. रोज दुचाकीने हिंजवडी गाठणाऱ्यांना हेल्मेटचा पट्टा घासतो त्या जागीही त्या उठतात.

खरा धोका वेगळाच आहे. मेडिकलच्या दुकानातून किंवा मैत्रिणीच्या सांगण्यावरून आणलेल्या 'गोरं करणाऱ्या' मलमांत अनेकदा बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल हे स्टेरॉइड असतं. सुरुवातीला लाली ओसरते, चेहरा उजळतो. मग त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुम दुपटीने उसळतात. मलम थांबवलं की आग होते, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. भारतातल्या 12 केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2,926 रुग्णांचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले 433 जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते आणि सर्वाधिक आढळलेला दुष्परिणाम होता मुरुमांचाच. मार्च 2018 मध्ये केंद्र सरकारने अशा 14 स्टेरॉइडची मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली.

मुरुमांवर उपाय आहेत. ॲडापॅलीन आणि बेंझॉइल पेरॉक्साइड ही त्यातली नेहमीची औषधं. पहिले काही आठवडे त्वचा कोरडी पडते, सालं निघतात. फरक कळायला आठ ते बारा आठवडे लागतात आणि नेमकं तेवढ्यातच बरेच जण औषध सोडून देतात. खोल, दुखऱ्या गाठींसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या असतात. त्या गर्भाला गंभीर अपाय करतात, म्हणून गरोदरपणात पूर्ण वर्ज्य.

त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्याव्यात. ट्यूबवर बारीक अक्षरात छापलेल्या घटकांवरून डॉक्टरांना बरंच काही कळतं.