मधल्या बाकांसाठी एक तास

कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगो शहरातले क्लेअरमाँट हायस्कूल सिनेमाच्या शौकिनांना वेगळ्याच कारणाने ठाऊक आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कॅमेरॉन क्रो हा तरुण पत्रकार विद्यार्थी असल्याचे भासवून या शाळेत बसला. तिथे पाहिलेल्या जगावर त्याने पुस्तक लिहिले आणि त्यावरून १९८२ मध्ये ‘फास्ट टाइम्स ॲट रिजमाँट हाय’ हा चित्रपट आला. पडद्यावरची शाळा गाजली. त्याच सुमारास खऱ्या शाळेत, इंग्रजीच्या विभागप्रमुख बाईंच्या वर्गात, दुसरीच एक गोष्ट सुरू झाली होती. तिच्यावर चित्रपट आला नाही, पण अमेरिकेतल्या हजारो शाळांच्या वेळापत्रकात तिने कायमचा एक तास मिळवला.

त्या बाईंचे नाव मेरी कॅथरीन स्वॉन्सन.

पार्श्वभूमी न्यायालयाची होती. १९७७ मध्ये कार्लिन खटल्याचा निकाल लागला आणि सॅन दिएगोच्या शाळांमधली वांशिक विभागणी मोडून काढणे शिक्षण मंडळाला भाग पडले. क्लेअरमाँट ही प्रामुख्याने गोऱ्या, खाऊनपिऊन सुखी वस्तीतली शाळा. १९८० च्या सुमारास शहराच्या दुसऱ्या टोकाच्या गरीब वस्त्यांमधून बसने येणारी सुमारे पाचशे मुले तिच्यात दाखल होऊ लागली. त्यांत बहुसंख्य लॅटिनो आणि आफ्रिकन-अमेरिकन होती. जवळच नवे हायस्कूल उभे राहत होते, त्यामुळे क्लेअरमाँटची जुनी मुले तिकडे वळू लागली.

अशा वेळी बहुतेक शाळा जे करतात तेच इथेही सुचवले जात होते. नव्या मुलांना सोप्या अभ्यासक्रमाच्या वर्गात बसवायचे, पाया पक्का करून घ्यायचा, मग पुढचे पुढे. स्वॉन्सन यांना ते पटले नाही. सोप्या वर्गात बसलेले मूल अवघड वर्गापर्यंत कधी पोचतच नाही, हे त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले होते. म्हणून त्यांनी क्रम उलटा केला. मुलांना सरळ कॉलेजच्या तयारीच्या, अवघड वर्गांत घालायचे आणि तिथे तग धरता यावा म्हणून रोज एक तास हक्काचा आधार द्यायचा. १९८० मध्ये ३२ मुलांना घेऊन त्यांनी हा वर्ग सुरू केला. त्याला ॲव्हिड हे नाव मिळाले. वैयक्तिक निर्धाराच्या बळावर प्रगती, असा त्या इंग्रजी आद्याक्षरांमागचा अर्थ. चार वर्षांनी पहिली तुकडी बाहेर पडली तेव्हा तिच्यातली जवळपास सगळी मुले कॉलेजात गेली.

स्वॉन्सन ज्या व्यवस्थेशी झुंजत होत्या ती समजायला मराठी वाचकाला फार कष्ट पडणार नाहीत. ‘अ’ तुकडीतल्या मुलाला मिळणारे शिक्षक, प्रश्न आणि अपेक्षा ‘ड’ तुकडीत मिळत नाहीत, हे आपल्याकडच्या कितीतरी शाळांत शिकलेल्यांना माहीत आहे. अमेरिकेत ही विभागणी विषयागणिक होते. जेनी ओक्स यांनी पंचवीस शाळांच्या पाहणीवर आधारलेल्या ‘कीपिंग ट्रॅक’ या १९८५ च्या पुस्तकात तिचा पंचनामा केला. वरच्या वर्गांत मुलांना विचार करायला लावले जाते. खालच्या वर्गांत रिकाम्या जागा भरायला लावतात आणि शिस्तीवरच अधिक वेळ जातो. शिवाय वाट एकदा ठरली की बदलणे कठीण होते. कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रवेशाला पात्र ठरायचे तर हायस्कुलात वर्षभराचे ठरावीक पंधरा अभ्यासक्रम पुरे करावे लागतात. चार वर्षे इंग्रजी, निदान तीन वर्षे गणित, दोन वर्षे प्रयोगशाळेसह विज्ञान, दोन वर्षे परकी भाषा आणि आणखी काही विषय अशी ती यादी आहे. नववीत बीजगणिताऐवजी साधे गणित पदरी पडले तर पुढे भूमिती, मग वरचे बीजगणित ही शिडीच तुटते. चौदाव्या वर्षी भरलेल्या एका फॉर्मने अठराव्या वर्षीचे दार बंद होते आणि घरात कोणी कॉलेज पाहिलेले नसेल तर ते बंद झाल्याचे कळतही नाही.

ॲव्हिडमध्ये प्रवेश कोणाला? वर्गात पहिल्या येणाऱ्यांना नाही, कारण त्यांची काळजी घेणारे असतात. अगदी मागे पडलेल्यांसाठीही इतर योजना असतात. ॲव्हिड शोधतो तो मधला थर. चारपैकी साधारण दोन ते साडेतीन गुण-सरासरी असलेली, ‘बी’ आणि ‘सी’ श्रेणीत रेंगाळणारी, कोणाला त्रास न देणारी आणि म्हणूनच कोणाच्या नजरेत न भरणारी मुले. घरातून कॉलेजात जाणारे मूल पहिलेच असेल, तर त्याला प्राधान्य मिळते. मूल अर्ज करते, मुलाखत देते, पालकांसह करारावर सही करते. मेहनत करायची तयारी ही एकच अट खऱ्या अर्थाने कडक असते.

आठवड्याचे पाच तास साधारण असे वाटलेले असतात. दोन दिवस लेखन, वाचन आणि अभ्यासाच्या पद्धती. दोन दिवस ट्यूटोरियल. पाचवा दिवस वह्यांची तपासणी, पाहुण्यांची व्याख्याने, विद्यापीठांच्या भेटी यांसाठी. प्रत्येकाकडे एक जाडजूड बाइंडर असतो. त्यात विषयवार कप्पे, गृहपाठाचे कॅलेंडर, वर्गातली टिपणे. बाइंडरला गुण असतात. टिपणे काढायची पद्धत कॉर्नेल विद्यापीठाच्या वॉल्टर पॉक यांनी रूढ केलेली. पानाच्या उजव्या रुंद भागात शिक्षक बोलतात त्याचा गोषवारा, डावीकडच्या अरुंद पट्टीत घरी जाऊन स्वतःला विचारलेले प्रश्न, तळाशी दोन-चार ओळींत सार. पानाची डावी बाजू कोरी ठेवली तर टिपण अपुरे धरले जाते. वर्गात ऐकलेले घरी पुन्हा उघडून त्याला प्रश्न विचारण्याची सवय इथे लावली जाते. शिकलेल्या आईबापांच्या घरातल्या मुलांना ती बहुधा आपसूकच लागते.

पण या उपक्रमाचा गाभा पाहायचा तर ट्यूटोरियलच्या तासाला बसावे. सहा-सात मुलांचा एकेक गट, प्रत्येक गटाबरोबर जवळच्या विद्यापीठात शिकणारा एक तरुण ट्यूटर. प्रत्येक मुलाने आदल्या दिवशी एक कागद भरून आणायचा असतो. कुठला प्रश्न, त्याबद्दल मला काय ठाऊक आहे, कुठल्या पायरीपर्यंत पोचलो आणि नेमके कुठे अडलो. ‘मला गणित समजत नाही’ एवढे लिहून भागत नाही. समजा, एका मुलीपुढे वर्गसमीकरण आहे. ती फळ्याशी उभी राहून सांगते, की मधल्या पदात ५ आहे, शेवटच्यात ६ आहे, बाईंनी कंसात २ आणि ३ लिहिले, ते कुठून आले ते कळले नाही. ट्यूटर उत्तर सांगत नाही. तसा नियमच आहे. गटातला एक विचारतो, २ आणि ३ चा गुणाकार किती? दुसरी विचारते, बेरीज किती? मुलगी थांबते, फळ्यावर दोन्ही करून पाहते. ६ मिळतात, ५ मिळतात. मग तिला विचारले जाते, हीच रीत ७ आणि १२ ला लावून दाखव. ती ३ आणि ४ लिहिते. बाकीचे तिचे टिपण आपापल्या वहीत उतरवून घेतात, कारण उद्या त्यांच्यापैकी कोणीतरी तिथेच अडणार असतो. आपण कुठे अडलो ते चारचौघांत, लाज न वाटता, नेमकेपणाने सांगता येणे हे कौशल्य आहे आणि ते शिकवता येते, या विश्वासावर हा तास उभा आहे.

या सगळ्याचा कसून अभ्यास केला तो कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील समाजशास्त्रज्ञ ह्यू मेहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात हा उपक्रम जिल्ह्यातल्या इतर हायस्कुलांत पसरला होता. मेहान यांच्या गटाने आठ शाळांमध्ये मुक्काम ठोकला, वर्गात बसून पाहिले, मुलांशी बोलले, शाळा सोडल्यानंतरही त्यांचा माग काढला. १९९६ मध्ये त्यांचे ‘कन्स्ट्रक्टिंग स्कूल सक्सेस’ हे पुस्तक आले. तीन वर्षे ॲव्हिडमध्ये काढलेल्या २४८ विद्यार्थ्यांपैकी ४८ टक्के चार वर्षांच्या पदवी कॉलेजात गेले, ४० टक्के दोन वर्षांच्या कॉलेजात, उरलेले १२ टक्के नोकरी वा इतर कामांत. त्या वेळी सॅन दिएगोच्या शाळांची पदवी कॉलेजची सरासरी ३७ टक्के होती, देशाची ३९. म्हणजे मधल्या बाकांवरून उचललेली मुले सर्वांच्या सरासरीच्याही पुढे गेली. आफ्रिकन-अमेरिकन मुलांत हे प्रमाण ५५ टक्के होते, लॅटिनो मुलांत ४३. सर्वांत कमी उत्पन्नाच्या घरांतली मुलेही यात मागे राहिली नाहीत.

आकड्यांहून मोलाचे आहे ते मेहान यांनी मांडलेले कारण. नुसत्या टिपणांच्या पद्धतीने हे घडले असे त्यांना दिसले नाही. सुस्थितीतल्या घरांत न बोलता हस्तांतरित होणारे ज्ञान ॲव्हिडच्या वर्गात उघडपणे शिकवले जात होते. शिक्षकाला शंका कशी विचारायची, प्रवेश परीक्षेला कधी बसायचे, शिफारसपत्र कोणाकडे मागायचे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्जाची मुदत नोव्हेंबरअखेर संपायची, राज्याच्या शिष्यवृत्तीची २ मार्चला. ॲव्हिडचे शिक्षक या तारखा भिंतीवर लावत आणि अर्ज वर्गातच भरून घेत. गरज पडली तर मुलाच्या वतीने दुसऱ्या शिक्षकाशी भांडत, समुपदेशकाने चुकीच्या वर्गात टाकले असेल तर बदलून घेत. मधल्या सुट्टीत मुले त्याच खोलीत जमत. अभ्यास करणाऱ्यांची एक टोळी तयार झाली आणि त्या टोळीत असणे ही मिरवायची गोष्ट झाली. मुलांनी आपली वस्ती, भाषा, जुने मित्र सोडले नाहीत. शाळेतली ओळख आणि गल्लीतली ओळख अशा दोन्ही त्यांनी सांभाळल्या.

स्वॉन्सन १९८६ मध्ये शाळा सोडून जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयात गेल्या, १९९२ मध्ये ॲव्हिड सेंटर ही ना-नफा संस्था उभी राहिली. आज अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत आणि लष्करी तळांवरच्या शाळांतही हा उपक्रम आहे, ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया विद्यापीठाने तो नेला.

पसारा वाढला तसे अवघड प्रश्नही पुढे आले आणि त्यांना सामोरे गेलेच पाहिजे. पहिला प्रश्न निवडीचा. जे मूल स्वतःहून अर्ज करते, मुलाखत देते, ते एरवीही पुढे गेले असते का? अमेरिकी शिक्षण खात्याच्या ‘व्हॉट वर्क्स क्लिअरिंगहाउस’ने २०१० मध्ये उपलब्ध अभ्यास चाळणीला लावले, तेव्हा एकच अभ्यास काही अटींसह निकषांत बसला आणि त्यात वाचन-आकलनावर ठळक परिणाम आढळला नाही. शिकागोतल्या शाळांचा अनुभवही सावध करणारा आहे. तिथल्या विद्यापीठाच्या संशोधकांना नववीत ॲव्हिडच्या मुलांची कामगिरी इतरांपेक्षा फारशी वेगळी दिसली नाही. एका तासात शिकलेली पद्धत बाकीच्या तासांना वापरायला वावच नसेल, तिथे शिक्षक फक्त सांगत आणि मुले फक्त उतरवून घेत असतील, तर तो एक तास एकाकी पडतो.

दुसरीकडे, पाच मोठ्या सरकारी हायस्कुलांत मधल्या फळीतली मुले यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत वाटून केलेला एक अभ्यास अलीकडे वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नववीच्या शेवटी ॲव्हिडच्या गटात मादक पदार्थांचा वापर कमी, आणि त्यातल्या मुलग्यांमध्ये ताण कमी व शाळेशी नाते अधिक घट्ट असल्याचे त्यात दिसले. निवडीचा आक्षेप इथे लागू पडत नाही. कोणाच्या शेजारी बसवले यावर मुलाचे बरेच काही ठरते, हे मेहान यांनी वर्गात बसून पाहिलेले सूत्र इथे मोजमापातून पुढे आले.

पैशाचा प्रश्न आहेच. ट्यूटरांना मानधन, शिक्षकांना दरवर्षी प्रशिक्षण, विद्यापीठांच्या सहली. कॅलिफोर्निया राज्याने २०१२ मध्ये या उपक्रमाचा निधी काढून घेतला, तेव्हा जिल्ह्यांना आपल्या खिशातून तो चालवावा लागला. पैसे आटले की ट्यूटर कमी केले जाण्याची भीती असते. ट्यूटर गेले की नाव ॲव्हिडचे आणि प्रत्यक्षात गृहपाठाचा तास, अशी गत होते.

महाराष्ट्रातला पालक आणि शिक्षक यातून काय घेऊ शकेल? आपल्याकडे शिष्यवृत्ती परीक्षा आहे, नवोदयची निवड आहे; त्यांतून हुशार मुले टिपली जातात. मागे पडलेल्यांसाठी उपचारात्मक वर्ग आहेत. दहावीला साठ-पासष्ट टक्के मिळवणाऱ्या, घरात पहिल्यांदाच कॉलेजचा विचार करणाऱ्या मुलाला मात्र कोणी हाताशी धरत नाही. सीईटीचा अर्ज कधी भरायचा, कॅप राउंडमध्ये पसंतीक्रम कसा लावायचा, नॉन-क्रिमीलेअर आणि जात पडताळणीचे प्रमाणपत्र किती महिने आधी मागायचे, हे ज्ञान शहरातल्या शिकलेल्या घरात जेवताना बोलता बोलता मिळते. तालुक्याच्या गावात ते सायबर कॅफेच्या मालकाकडून मिळते, तेही अनेकदा मुदत संपत आल्यावर. बुद्धी असूनही एका कागदापायी वर्ष वाया गेलेली मुले प्रत्येक शिक्षकाला आठवतील.

म्हणून क्लेअरमाँटचा अनुभव इथे आणायचा तर बाइंडर आणि टिपणांच्या रकान्यांपाशी थांबून चालणार नाही, तेवढे कोणीही करेल. नववीपासून वेळापत्रकात रोजचा एक तास, त्या तासाची जबाबदारी घेणारा आणि इतर शिक्षकांच्या दारात जाऊन मुलासाठी शब्द टाकणारा एक शिक्षक, जवळच्या कॉलेजातले पाच-सहा विद्यार्थी मानधन देऊन आठवड्यातून दोनदा, आणि शाळेतल्या सर्वांत चांगल्या गणित-विज्ञान शिक्षकांच्या वर्गात या मुलांसाठी राखलेल्या जागा. यातल्या पहिल्या तीन गोष्टी मुख्याध्यापक आणि गावकरी मिळून जमवू शकतील. चौथीला शाळेतल्या तुकड्यांची वाटणीच नव्याने करावी लागेल, आणि स्वॉन्सन यांनी १९८० मध्ये नेमकी तिथूनच सुरुवात केली होती.