जबड्याच्या सांध्याची नाना रूपे

अक्कलदाढ काढायची असो की मुलांच्या दातांना तारा लावायच्या असोत, दंतवैद्य आधी ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे, काढून आणायला सांगतात. आपण त्यात दात बघतो. पण त्याच फोटोच्या दोन्ही कडांना, कानाच्या अगदी पुढे, जबड्याचा सांधा दिसतो आणि पुष्कळदा रुग्णाची झोप उडते ती तिथे दिसलेल्या एखाद्या वेगळेपणामुळे. माझ्या मते यातली बरीचशी काळजी अनाठायी असते.

खालच्या जबड्याचे हाड एकच, त्यामुळे डावा-उजवा सांधा एकमेकांना सोडून हलूच शकत नाहीत. हाडाचे वरचे टोक, म्हणजे कॉन्डाइल, तोंड उघडताना आधी जागेवर फिरते, मग पुढे घसरते. ते समोरून पाहिल्यावर कसे दिसते, यावरून येल आणि सहकाऱ्यांनी १९६३ साली त्याचे चार आकार सांगितले: चपटे, फुगीर, कोनदार आणि गोल. एकाच माणसाच्या दोन बाजूंतही फरक असतो. काहींच्या कॉन्डाइलला मधोमध खाच पडून दोन डोकी दिसतात. १९४१ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ हर्डलिच्का यांनी जुन्या कवट्यांमध्ये ती नोंदवली. ही खाच म्हणजे बालपणीचा मार की वाढीतली गोष्ट, यावर मतभेद आहेत. पण अनेकांना आयुष्यभर तिचा पत्ताही लागत नाही.

लहान मुलाच्या कॉन्डाइलभोवती ठळक पांढरी रेघ नसते. हाड झिजल्यासारखे वाटते, पण ती रेघ विशीच्या आसपास पुरी होते. शिवाय कॉन्डाइल तिरके बसलेले असल्याने ओपीजीत त्याचा आकार बदलून दिसतो आणि सांध्यातली चकती तर दिसतच नाही. त्यासाठी एमआरआय लागतो.

एका प्रकाराकडे मात्र काणाडोळा करू नये. कानामागच्या हाडात हवेच्या पोकळ्या असतातच. कधी त्या पुढे सरकून सांध्यापुढच्या उंचवट्यात शिरतात. फोटोत तिथे काळ्या बुडबुड्यांचा घोस दिसतो आणि गाठीची शंका येते. पण हाड फुगलेले नसते, कडा फुटलेल्या नसतात, दुखतही नाही. टिंडॉल आणि मॅटसन यांनी १९८५ मध्ये १,०६१ जणांचे ओपीजी तपासले, त्यात हे २.६ टक्के लोकांत आढळले. उपचार काहीच नको. मात्र ज्याचा जबडा वारंवार निखळतो, त्याचा हा उंचवटा कधी कधी शस्त्रक्रियेने तासावा लागतो. तेव्हा पोकळ्या उघड्या पडून संसर्ग आत पसरू शकतो. म्हणून सर्जनने आधी स्कॅन बघितलाच पाहिजे.

फोटोतल्या आकारावर नव्हे, तक्रारीवर उपचार व्हावेत. तोंड उघडताना दुखते का, जबडा अडकतो का, घास चावता येतो का, हे विचारल्याशिवाय ‘सांधा खराब’ असा शेरा कुणी मारू नये. आणि वाचकहो, जुना ओपीजी फेकू नका. पुढच्या वेळी नव्या फोटोशेजारी ठेवायला तो डॉक्टरांकडे घेऊन जा.