विजेच्या छोट्या मोटारीतील सुटे सामान

नरोलीहून सिल्वासाच्या रुग्णालयांत ये-जा करणाऱ्या डॉक्टरांना विजेची छोटी मोटार सोयीची वाटते. मात्र २०२३ मध्ये आलेल्या एमजी कॉमेटसारख्या गाडीत डिकी जवळजवळ नसतेच. मग चार्जिंगची केबल, पाने, पंक्चरची साधने मागच्या आसनावर सुटीच पडून राहतात. ताशी ५० किलोमीटर वेगातली गाडी आदळून थांबली, तरी सुटे सामान त्याच वेगाने पुढे झेपावते. डोक्याला झालेल्या अशा आघाताचे गांभीर्य डॉक्टरांना सांगावयास नको. म्हणून केबल पुसून, सैल वेटोळे करून जाड पिशवीत भरावी. अवजारांसह ती पुढच्या आसनामागे खाली घट्ट बसवावी. औषधांची बॅग वेगळी, हाताशी परंतु बांधलेली असावी. रुग्णाकडे निघालेला डॉक्टर सुखरूप पोहोचणे, हाही उपचाराचाच भाग आहे.