चीत झाल्यानंतरची कुस्ती

अमेरिकेतल्या प्लेनोत दुकानांच्या एका लांबलचक रांगेत, दंतवैद्याचा दवाखाना आणि इडली-डोशाचं हॉटेल यांच्या मधोमध एक हॉल आहे. आत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत निळी गादी. एका शनिवारी सकाळी माझा चौदा वर्षांचा मुलगा त्या गादीवर पहिल्यांदा उतरला. त्याआधी सहा वर्षं तो दुसरीकडे कराटे शिकला होता. कमरेला तपकिरी पट्टा, सगळे काते, म्हणजे हालचालींचे ठरलेले क्रम, तोंडपाठ. समोर त्याच्याहून किरकोळ अंगाची मुलगी उभी राहिली. तिनं त्याचा हात झटकला, खाली वाकून पाय उचलला, आणि मिनिटभरात माझा मुलगा कोपर सुटावं म्हणून गादीवर थापा मारत होता.

घरी येताना गाडीत तो एकच वाक्य बोलला. "बाबा, सहा वर्षांत मला कुणी कधी धरलंच नव्हतं."

मागच्या सीटवर माझे वडील होते. आबा कराडकडचे, तरुणपणी तालमीत घाम गाळलेले, सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेले. ते म्हणाले, "आरं, त्या पोरीनं एकेरी पट काढला. वस्तादानं आमच्याकडनं हजारदा काढून घेतलेला डाव हाय त्यो."

त्या संध्याकाळपासून घरामागच्या हिरवळीवर आबांची तालीम सुरू झाली. आधी जोर आणि बैठका, मग खडाखडी, मग पट. आबा डाव सांगत कमी आणि विरोध करत जास्त. पाय सहज हाती द्यायचे नाहीत. नातवानं खांदा नीट खाली घातला नाही, तर त्याची मान दाबून तोंड गवतात घालायचे.

तीन आठवड्यांनी तीच गादी, तीच मुलगी. या वेळी पट माझ्या मुलानं काढला. मुलगी सपशेल पाठीवर पडली. "चीत!" आबा खुर्चीतून उठून ओरडले. त्यांचा आवाज ऐकून असेल किंवा आपण जिंकलो असं वाटून असेल, मुलाची पकड क्षणभर ढिली झाली. त्या क्षणात पाठीवर पडलेल्या मुलीचे दोन्ही पाय वर आले, त्याची मान आणि एक हात त्यांच्यात अडकला, आणि पुन्हा गादीवर थापा ऐकू आल्या.

आबा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, "पाठ टेकली की कुस्ती संपली. ही संपल्यावर कशी काय लढती?"

मला शोधाला लावलं ते या प्रश्नानं. मी सुरुवात केली ती आबांच्याच मुलखातून, कराडजवळच्या गोळेश्वरपासून. खाशाबा जाधव तिथले. 1948च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले तेव्हा गादीवरच्या कुस्तीचा अनुभव त्यांना जवळजवळ नव्हता. शरीर आणि डोकं दोन्ही लाल मातीत तयार झालेलं. ही माती ताक, तेल, हळद घालून मऊ केलेली असते. घामानं हात निसटू लागला की मूठभर माती अंगाला लावून पकड मिळवता येते. गादी अशी मदत करत नाही. शिवाय गादीवर घड्याळ आणि गुण, तर मातीत फक्त निकाल. तरीही खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला आणि अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरवलं. इराणच्या मन्सूर रईसीकडून ते हरले आणि सहावे आले.

लंडनमध्ये त्यांचं झालं ते माझ्या मुलासारखंच. डाव लागत होते, पण नियम परके होते. पुढची चार वर्षं त्यांनी ते नियम अंगात मुरवण्यात घातली. हेलसिंकी ऑलिंपिकच्या खर्चासाठी त्यांच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. तिथे 57 किलो गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. मग जपानच्या शोहाची इशीबरोबर पंधरा मिनिटांची दमछाक करणारी लढत झाली, ती हरले. नियमाप्रमाणे अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. पण भांडायला भारताचा अधिकारी जवळ नव्हता, आणि लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोवसमोर उभं राहावं लागलं. 23 जुलै 1952 रोजी त्यांना कांस्यपदक मिळालं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

इथवरची गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असते. मी थांबलो तो इशीच्या नावाशी. त्या गटाचं सुवर्णपदक त्याचं, आणि हेलसिंकीत जपानला मिळालेलं ते एकमेव सुवर्ण. तो मूळचा ज्युदोचा खेळाडू! महायुद्धानंतर अमेरिकी ताब्यातल्या जपानमध्ये ज्युदोवर बंदी आली, म्हणून तो कुस्तीकडे वळला. म्हणजे त्या आधुनिक गादीवर खाशाबांची गाठ पडली होती ती दुसऱ्या एका पारंपरिक विद्येशी.

मग ज्युदोच्या मुळाशी जाणं आलंच. 1882 साली टोकियोतल्या एका देवळात, बारा चटयांवर, जिगोरो कानो नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणानं कोदोकान सुरू केलं. जुन्या जुजुत्सूत जीवघेणे डाव पुष्कळ होते, पण ते जोडीदारावर पूर्ण जोरानं करता येत नसत. करून पाहिले तर माणूस मोडायचा. कानोनं ते घटवून ठेवण्यापुरते बाजूला ठेवले आणि उरलेल्या डावांवर रोज मोकळी लढत लावली, जिच्यात समोरचा खरोखर अडवतो. घातक डाव कमी झाले तशी विद्या धारदार झाली. त्याच कोदोकानचा मित्सुयो माएदा 1914 साली ब्राझीलला पोहोचला. त्याची विद्या ग्रेसी कुटुंबानं घेतली आणि जमिनीवरची लढत वाढवली. 12 नोव्हेंबर 1993 रोजी अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये वेगवेगळ्या विद्यांचे आठ जण एका पिंजऱ्यात उतरले. इतरांच्या मानानं सडपातळ असलेल्या रॉयस ग्रेसीनं त्या रात्री तिघांना शरण आणलं. त्यानंतर ही विद्या अमेरिकेच्या गावोगावी गेली. प्लेनोतली निळी गादी तिथूनच आली आहे.

म्हणजे खाशाबांना हेलसिंकीत भेटलेला इशी आणि माझ्या मुलाला पाय घालून अडकवणारी ती मुलगी एकाच घराण्यातले.

मी आबांना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "आमच्याकडं लढत रोजचीच. त्यात काय नवं?" खरंच आहे. कानोला जे नव्यानं बसवावं लागलं, ते आमच्या तालमीत आधीपासून होतं. म्हणूनच मातीतला गडी चार वर्षांत गादीवर पदकापर्यंत पोहोचला. माझ्या मुलाच्या कात्यांत मेहनत खरी होती, शिस्तही खरी होती. त्याला विरोध करणारं माणूस तेवढं मिळालं नव्हतं. विद्या जुनी की नवी, हा मुद्दाच नव्हता.

आबांच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी त्या मुलीनंच दिलं. सराव संपल्यावर तिनं आबांना गादीवर बसवलं, स्वतः पाठीवर पडली आणि पाय कसे लावायचे ते सावकाश दाखवलं. आबांनी तिच्याकडून तीनदा करून घेतलं. मग उठून त्यांनी तिला पट सोडवायची मातीतली एक युक्ती शिकवली. दोघांची भाषा एक नव्हती. त्यांचं काही अडलं नाही.

गावी परत जाताना मात्र आबांनी मला एक काम सांगितलं. गावच्या तालमीत अजून फक्त मातीचा हौद आहे. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन्ही विभाग असतात, पण लहान गावातल्या पोराला गादी दिसते ती थेट स्पर्धेच्या दिवशी. खाशाबांनंतर भारताला कुस्तीतलं पुढचं ऑलिंपिक पदक मिळायला 2008 साल उजाडलं, आणि महाराष्ट्राच्या मल्लाला ते अजून मिळालेलं नाही. परदेशात राहणाऱ्या आपल्यापैकी ज्यांचं गाव तालमीचं आहे, त्यांनी हौद बुजवू देऊ नये, आणि हौदाशेजारी एक गादी घालून द्यावी. आबांच्या गावची आम्ही घेतली आहे.